झेंडे शिवले, मत नाही दिलं

मित्रांनो, सुरतेत लिंबायतला पुष्पाबाईंच्या घरात जे जुनं शिवणाचं मशीन आहे, ते मी. पुष्पाबाईंच्या वडिलांनी मला धुळ्याच्या बाजारात घेतलं आणि लेकीबरोबर इकडे पाठवलं. त्यांचे यजमान धुडकूभाऊ यंत्रमागावर बारा तास उभे असत. घरखर्चाचा उरलेला भार माझ्यावर.

चौऱ्याण्णव साली शहरात प्लेग आला. आमची सगळी गल्ली खानदेशात पळाली. मागे राहिल्या त्या नाल्याकाठच्या मीराबाई. त्यांचे यजमान गंगाराम रेल्वेत होते, त्यांना रजा मिळेना. आमचं पत्र्याचं दार कोणीही ढकललं असतं, म्हणून मीराबाईंनी मला आपल्या खोलीत नेलं. महिनाभर माझ्यावर धूळ बसू दिली नाही.

पुढच्या वर्षी महापालिकेची निवडणूक आली. गल्लीतल्याच हेमराजने एका उमेदवाराच्या झेंड्यांचं काम आणून दिलं. इतकं काम मी कधी केलं नव्हतं. चाक गरम व्हायचं. एके दिवशी हेमराज म्हणाला, "वहिनी, साहेब निवडून आले की नाल्याकाठची घरांची ओळ हटणार आणि तिथून रस्ता निघणार. तुमचं दार थेट रस्त्यावर! शाळेच्या गणवेशाचं कामही तुम्हालाच."

पुष्पाबाईंचा पाय थांबला. "आणि त्या ओळीतली माणसं?"

"जातील कुठेतरी."

"झेंडे कबूल केलेत, ते पुरे करून देते. मत नाही देणार."

हेमराज गेल्यावर धुडकूभाऊ चिडले. "आपलं काय जास? मीराबाईनी मशीन सांभाळं, मान्य शे. पन गणवेशनं काम सोडानं का?"

"मशीनसाठी नही," पुष्पाबाई म्हणाल्या. "ती अनोळखी ऱ्हाती तरी कोनं घर पाडीसन माले दुकान नको."

दोघं मत द्यायला बरोबरच गेली.

उमेदवार निवडून आला. गणवेशाचं काम दुसरीकडे गेलं. तीन महिने माझ्यावरचं कापड निघालं नाही. तेल सुकलं, पट्टा सैल झाला. उन्हाळ्यात ओळ हटली. मीराबाईंचं सामान हातगाडीवर चढत होतं, तेव्हा दारात उभे असलेले धुडकूभाऊ हळूच म्हणाले, "मी त्यालेच मत दिधं."

"माले ठाऊक शे," पुष्पाबाई म्हणाल्या. "चला, त्यासना कपाटले हात लावा."

धुडकूभाऊ गेले. कपाट चढवलं आणि नव्या वस्तीपर्यंत गाडी ढकलत नेली.

मित्रांनो, रस्ता झाला. गिऱ्हाइकं वाढली, हे तुमच्यापासून कशाला लपवू? आज माझ्या चाकाला तेल मिळतं ते त्याच गिऱ्हाइकांमुळे. मीराबाई मात्र आता दोन बस बदलून येतात, आणि पुष्पाबाई त्यांचं काम सगळ्यांच्या आधी घेतात.

उद्या तुमच्याही बोटाला शाई लागेल. रस्ता मागा, काम मागा, खुशाल मागा. फक्त त्यापायी कोणाचं घर उठणार आहे, एवढं शाई लागायच्या आधी विचारा. नंतर कपाट उचलायला हात लावता येतो, पण भिंत परत उभी राहत नाही.