हरलेल्यानं भांडी घासायची

संध्याकाळची भांडी कोण घासणार, हे त्या घरात गल्लीतली गाडी ठरवायची. जेवणं आटोपली की सासरा आणि सून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहायचे. जी गाडी पहिली जाईल, तिच्या नंबरप्लेटवरची एमएच सोडून उरलेली दोन अक्षरं घ्यायची आणि ती दोन्ही ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. ज्याचा शब्द आखूड, त्यानं बाह्या वर करायच्या. मग तो सासरा असो की सून.

सासऱ्याचा जन्म इंग्रजी वर्तमानपत्राची मुद्रितं तपासण्यात गेला होता. मुलगा त्याला लाडानं 'डिक्शनरी' म्हणे. सून औषधांच्या दुकानात कामाला, तिच्याही जिभेवर हातभर लांबीचे शब्द. ती एखाद्या गोळीचं नाव ठोकून द्यायची, की हा ओरडायचा, "औषधांची नावं चालणार नाहीत! ती काय शब्द आहेत? ती कंपन्यांची बारशी आहेत!" आणि तरीही महिन्यातले निम्मे दिवस डिक्शनरीच सिंकपाशी दिसायची.

मग देवानं पक्षाघाताचा एक फटका दिला. तोही हात राखूनच म्हणायचा, कारण माणूस उठून बसला, चालू लागला. पण उजवा हात ढिला पडला आणि शब्द आत कुठेतरी अडकू लागले. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच डावात त्याला एकही शब्द सुचला नाही. तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि त्याची पाठ हलताना सुनेनं पाहिली. त्या दिवसापासून ती हरू लागली.

म्हातारा जिंकत होता आणि मनातून सुकत होता. का, ते त्याचं त्यालाही नीट कळत नव्हतं.

एके संध्याकाळी हाताचे व्यायाम घ्यायला येणारा फिजिओथेरपिस्ट उशिरा आला. तो जिना उतरेपर्यंत घरातली जेवणंही झाली होती. दोघं खिडकीशी गेले, तर पहिली गाडी गेली ती त्याचीच स्कूटर. पी, टी.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ओठ हलले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हॉस्पिटल. आठ."

"माझा आपला पाथ," सून म्हणाली. "चारच. हरले बाई!" आणि ती घासणी घ्यायला वळलीसुद्धा.

"वा बाबा!" मुलगा टेबलावरून म्हणाला. "तुमची गाडी सुसाट आहे सध्या!"

म्हातारा जागचा हलला नाही. "सूनबाई, इकडे ये. आत्ता जिना उतरून कोण गेलं?"

"फिजिओथेर..." ती म्हणता म्हणता थांबली.

"पंधरा अक्षरं! पी, टी, दोन्ही आहेत त्यात. माणूस डोळ्यांसमोरून स्कूटरवर गेला आणि तुला सुचला पाथ? तुला?"

मुलगा मध्ये पडला, "जाऊ द्या ना बाबा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"तू गप रे! अगं, हरायचो तेव्हा मी या घरातला होतो. आता रोज जिंकतो आणि पाहुण्यासारखा बसून राहतो."

सुनेचे डोळे भरले. "तुम्ही त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलंत ना बाबा, ते मला बघवलं नाही. दुसरं काही नव्हतं हो मनात."

दया वाईट नसते. पण ती वाढताना ताटाचा आवाज झाला, की खाणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हातारा जरा मऊ झाला. "परत खेळू. आणि दया दाखवलीस तर उद्यापासून खिडकी बंद."

खालून एक टेम्पो गेला. आर, पी.

या वेळी वेळ लागला. सून बोटांवर अक्षरं मोजत होती. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला आणि मग एकदम चेहरा उजळला. "न्यूजपेपर! नऊ!" जन्मभर ज्या शब्दावर पोट भरलं, तो परत आला होता.

सुनेनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचा शब्द ओठांवर येऊन अडखळला. म्हातारा तिच्याकडे रोखून बघत होता.

"प्रिस्क्रिप्शन," ती हळूच म्हणाली. "बारा."

"हरलो!" म्हातारा म्हणाला आणि शर्टाची बाही दातांनी वर ओढत सिंककडे निघाला.

"अहो बाबा, राहू द्या..." मुलगा उठू लागला.

"ए, तू बस," सून म्हणाली. "हरलेत ते."

उजव्या हातानं ताटली कशीबशी दाबून धरायची, डाव्यानं घासायची. चमचे झाले, ताटल्या झाल्या. मग कप निसटला आणि त्याचा कान तुटून सिंकमध्ये वाजला. सून खुर्चीवरून उठली नाही, पण टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती.

"असू द्या," ती म्हणाली. "उद्या हराल तेव्हा एक भांडं कमी घासावं लागेल."

म्हातारा खो खो हसला. हसता हसता एकदम थांबला, साबणाचा हात तसाच वर धरून वळला. "सूनबाई! फिजिओथेरपिस्ट! त्यात आर, पीही आहेत!"

सुनेनं बोटांवर मोजलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगंबाई! खरंच की! एवढं भांडलो त्याच्यावरून, आणि दोघांनाही..."

म्हाताऱ्यानं तिचा चेहरा नीट न्याहाळला. या खेपेला ती खरोखरच चुकली होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे मीच जिंकलो!"

"अहं. उशीर झाला," ती म्हणाली. "कढई राहिलीय अजून. घासा."