सलाईनवाली बाई

डॉक्टरीणबाई आफ्रिकेला निघाल्या ही बातमी गल्लीत दूधवाल्यालासुद्धा ठाऊक होती. "फुकट सेवा करायला चाललेय हो," असं बाई एवढ्या मोठ्यांदा सांगत, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी देणं लागतो असं वाटावं.

सून म्हणाली, "आई, तिकडे नेमकं करणार काय?"

"शिकवणार! हयात गेली माझी लोकांची पोरं बरी करण्यात."

पोचल्या. पत्र्याचा लांबलचक वॉर्ड, एकेका खाटेवर दोन-दोन पोरं, आणि मुख्य म्हणून कोण, तर सुनेपेक्षाही लहान दिसणारी एक डॉक्टरीण. बाईंनी नाक मुरडलं. कालची पोर, आणि आपण हिच्या हाताखाली!

पहिल्याच सकाळी एका आईने आपली पोरगी आणली. उपासमारीने हाडांवर नुसती कातडी, त्यात जुलाबांनी पार चिपाड झालेली. रडायला तोंड उघडलं, पण डोळ्यांत टिपूस नाही. बाईंच्या दवाखान्यात अशा वेळी एकच मंत्र. सलाईन लागली की आईबापांचा जीव भांड्यात पडतो आणि डॉक्टरचा रुबाबही राहतो. बाईंनी कुणाला न विचारता सुई टोचली, बाटली टांगली, धार मोकळी सोडली.

मुख्य डॉक्टरीण धावत आली आणि तिने नळी बंद केली.

"बाई, किती वाळलीय बघा ना ही! हिच्या काळजाला एवढं पाणी एकदम झेपायचं नाही. आतल्या आत बुडेल."

बाईंना ठाऊक नव्हतं थोडंच? परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण हाताला सवय लागली, की हात डोक्याला विचारायला जात नाही.

"मग आता?" बाईंनी टांगलेल्या बाटलीकडे बघत विचारलं.

"शुद्धीवर आहे, गिळतेय. औषधाचं पाणी चमच्याने पाजायचं, थोडं थोडं, दिवसभर. तिची आई चालून चालून अर्धमेली झालीय. तुम्ही बसा."

झालं! जगाला शिकवायला निघालेली बाई चमचा घेऊन स्टुलावर. पोरीच्या आईने सिस्टरला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, हीच ना ती सलाईनवाली?" सिस्टरने भाषांतर करताना एक शब्द गाळला असेल तर शपथ.

चमचा आत, अर्धा ओघळून बाहेर. परत चमचा. पोरीची मान लुळी पडली, की बाई तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत. भल्याभल्यांना फटकारणारी बाई, पण एवढ्याशा चमच्याने तिला घाम फोडला. हिला काही झालं तर कोणत्या तोंडाने घरी जायचं?

दुपारी सुनेचा फोन. "आई, काय शिकवताय?"

"चमचा धरलाय."

मागून लेक ओरडला, "चमचा? आणि तू? मला सगळं आजीने भरवलं!"

"म्हणूनच जीभ एवढी लांब झालीय तुझी," म्हणत बाईंनी फोन आपटला.

उन्हं कलली. पोरगी टक लावून बाईंकडे बघायला लागली. बाईंनी चमचा ओठांना लावला, तशी पोरीने असा काही हात झाडला, की चमचा गेला खाटेखाली आणि पाणी बाईंच्या चष्म्यावर. वर भोकाड पसरलं. आणि या वेळी डोळ्यांतून गालांवर टपटप पाणी!

घरी असं पोरगं आलं असतं, तर बाईंनी आईबापासकट झापलं असतं. इथे मात्र त्या ओल्या चष्म्यानेच ओरडल्या, "मार गं भवाने, अजून मार! डॉक्टरीण, बघा, रडतेय!"

खाटेच्या कडेला पेंगलेली आई दचकून उठली. तिने पोरीच्या गालावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, बाईंच्या चष्म्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. मग पोर उचलून सरळ बाईंच्या मांडीवर ठेवली आणि सिस्टरला काहीतरी म्हणाली.

"आता काय म्हणतेय?" बाई गुरगुरल्या.

"म्हणतेय, सलाईनवालीला दुसरा चमचा द्या."