वीस मिनिटांचं जेवण

फास्ट फूड म्हणे! हा शब्द ऐकला की आप्पांना, माझ्या वडिलांना, हसू यायचं. उमेदीत त्यांची कारखान्याच्या फाटकासमोर खाण्याची गाडी होती. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, मग भोंगा. म्हणून आप्पा पहाटेपासून सगळं रांधून तयार ठेवायचे. शब्द कुणी का काढला असेना, अर्थ आमच्या फाटकावर जन्मला, असं ते म्हणायचे. घाई खाणाऱ्याला, रांधणाऱ्याला नाही.

आता मी बर्गरच्या दुकानात ग्रिलवर उभी असते आणि सगळं उलटं झालंय. गिऱ्हाईक फोन बघत तासभर बसतं, घाई आम्हाला. ऑर्डर पडली की पडद्यावर घड्याळ सुरू, नव्वद सेकंदांनंतर आकडा लाल. लाल आकडे साठले की घरचा रस्ता. म्हणून बन गरम व्हायच्या आधीच आम्ही 'दिलं'चं बटण दाबतो. मॅनेजरला सगळं माहीत आहे, पण त्याचेही आकडे हिरवे राहतात. चोर चोर मावसभाऊ.

आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि गिळणं बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, एक चमचा द्या, थांबा, गिळलं का बघा, मगच दुसरा. वजन उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आप्पांनी शब्द जुळवत मला सांगितलं, "नळी नको. चव राहू दे." मी त्यांचा हात धरून कबूल केलं.

घर मागच्याच गल्लीत. माझी सुट्टी अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं आप्पांची. भिंतीवर तक्ता लावला होता, चाळीस चमच्यांचे चाळीस चौकोन. दुपारचे उरतील ते धाकट्या भावानं संध्याकाळी भरवायचे. आणि मी काय करायची? आल्या आल्या चाळीसही चौकोनांवर टिक करून मोकळी. मुद्दाम नाही हो, हाताला वळणच तसं पडलेलं. वीस-बावीस चमच्यांवर वेळ संपायचा आणि मी धावत सुटायची. धाकटा तक्ता बघून फक्त रात्रीचं द्यायचा. असं दीड महिना चाललं. आप्पांना एक वाक्य बोलायला पाच मिनिटं लागायची, आणि तोवर मी दारात चपला घालत असायची.

परवा वजन केलं, सहा किलो उतरलेले. धाकट्यानं तक्ता डॉक्टरीणबाईंपुढे धरला. "सगळं खातात. ताई रोज लिहिते ना." धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी खरं काय ते सांगितलं. नळी काही टळली नाही.

आज दुपारी पहिल्यांदा एकटीनं दिलं. सिरिंज नळीला लावून वर धरायची, पातळ केलेलं जेवण आपोआप उतरतं. गाडीवर असताना आप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे तसं तोंडातून निघून गेलं, "कमी-जास्त काही?" त्यांनी डोळे मिटून घेतले.

सहा मिनिटांत आटोपलं. तक्त्यावर टिक केली, या वेळी नंतर. चौदा मिनिटं उरली होती, म्हणून आप्पांजवळ बसले. आज मला वेळ होता. त्यांना माझ्याशी काही बोलायचं नव्हतं.