संगप्पा जळला

मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळचे साडेनऊ. लोह्यातल्या दुकानाच्या मांडणीवर सहा ऑटोस्टार्टर होते. व्यंकटरावांनी ते मोजले, फडक्याने पुसले, तोच शेतकरी भागवत काळवंडलेले खोके घेऊन पायरी चढला.

"काका, संगप्पा जळला."

"संगप्पा उदगीरला हाय. ठणठणीत हाय. तुझ्या हातात काय हाय ते सांग."

"कामून छळून राहिले, काका? नवा संगप्पा द्या. रातच्या लाइटीला रानात कोण जाईल मोटार चालू कराया?"

"ऑटोस्टार्टर म्हण. मग देतो."

वीज येताच पंपाची मोटार आपोआप चालू करणारे ते खोके तीस वर्षांपूर्वी व्यंकटरावांनी, तंत्रनिकेतनात मिळवलेल्या विद्येवर, स्वतः जुळवले होते. भागीदार संगप्पाने ते फक्त सायकलला बांधून बाजारोबाजार हिंडवले. लोक आधी ‘संगप्पाचं खोकं’ म्हणत. मग खोके गळाले, संगप्पा तेवढा उरला. भागीदारी मोडली, तो उदगीरला गेला. नाव मात्र इथेच ठाण मांडून बसले. पुढे तर न सांगता कामाला लागणाऱ्या सुनेलाही लोक कौतुकाने ‘आमचा संगप्पा’ म्हणू लागले. ते ऐकले की व्यंकटरावांच्या अंगाचा तिळपापड होई.

त्यांच्या पत्नी सिंधुबाई चहा घेऊन आतून आल्या.

"द्या की त्याला. तुमचं नाव पडलं असतं, तर गावभर ‘व्यंकटराव जळला’ म्हनले असते."

"म्हनू द्यायचं होतं!"

"खोटं काय हाय त्यात? तीस वर्सं झाली, जळूनच राहिले तुम्ही."

भागवत खुदकन हसला. तेवढ्यात फोन वाजला. उदगीरहून संगप्पाचा मुलगा मृत्युंजय बोलत होता.

"काका, अप्पा गेले. पहाटं. तीन वाजता माती हाय."

व्यंकटराव स्टुलावर टेकले.

"मागल्या महिन्यात आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक संगप्पा मागून राहिलं होतं," मृत्युंजय म्हणाला. "अप्पा म्हनले, बाबा, त्याचं खरं नाव व्यंकटराव हाय. तर ते म्हनलं, व्यंकटराव नको, मला संगप्पाच द्या. अप्पा लई हसले, काका."

व्यंकटरावांनी फोन ठेवला. लिंगायतांत पुरतात. संगप्पा आज जळणार नव्हता. तो कधी जळलाच नव्हता.

"काय झालं, काका?"

"संगप्पा गेला."

भागवतने मांडणीकडे पाहिले. "कुठं गेला? सहा दिसून राहिले की."

सिंधुबाईंनी तोंडाला पदर लावला. व्यंकटराव उठले, एक खोके काढून त्यांनी भागवतच्या हाती दिले.

"घे. संगप्पा."

मग त्यांनी चपला पायात सरकवल्या. शटर ओढताना सवयीने नजर आत गेली. मांडणीवर पाच संगप्पा उरले होते.