शनिवारचं दहिवर

त्या वर्षी सरोवराकाठी थंडीच रुसली. तिकडे डोंगरावर हिवाळा जुलैत येतो, पण जुलै सरत आला तरी रात्री आपल्या मऊच. हुस्तिनाचे बटाटे माळावर पसरून पडले होते, गोठण्याची वाट बघत. एकदा कडक गोठले, की उन्हानं सुटताच अनवाणी तुडवून त्यांचं पाणी काढायचं नि वाळवायचे. त्या वाळल्या बटाट्यांना चुन्यो म्हणतात, तो वर्षभर पोट भरतो. पण गोठल्यावर तुडवले नाहीत तर संध्याकाळपर्यंत आंबलेच म्हणून समजा. आणि घरात दोन लेकरं होती, खायला दुसरं काही नव्हतं.

हुस्तिनाचा नवरा एउलोहियो सरोवरात बुडाला त्याला वर्ष होत आलं होतं. त्या दुःखात ती शनिवार पाळणाऱ्यांच्या प्रार्थनाघरात गेली, तिथं पोटभर रडली आणि तिथलीच झाली. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी बुडेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, हा तिथला नेम. नवऱ्याच्या थडग्यावर रीतीची दारू शिंपडायलाही ती नाही म्हणाली, तेव्हापासून सासू पेत्रोनिलानं तिच्याशी अबोला धरला. काही सांगायचं झालंच तर म्हातारी कोंबड्यांना सांगायची.

अन् बघा, एका शुक्रवारी सूर्य बुडाला आणि वारा पडला. सरोवर निपचित झालं, आकाश धुतल्यासारखं लख्ख. हुस्तिनाच्या अंगावर काटा आला. आज गोठणार! देवानं थंडी दिली ती नेमकी त्याच्याच दिवशी. हसावं की रडावं, तिला कळेना. अंगणात म्हातारी कोंबड्यांना डालता डालता ऐकवत होती, असेल तिचा देव तर देईल खाटल्यावरी.

सकाळ उजाडली ती जणू झोपेतच. माळ पांढराशुभ्र, बटाटे दगडासारखे, आणि उन्हाबरोबर सगळ्यातून हळूहळू वाफ उठायला लागलेली. हुस्तिनाचे पाय शिवशिवत होते. तिनं बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या, लेकरांचे हात धरले आणि माळाकडे पाठ फिरवून चालू लागली. देवा, तुझं ऐकते, ती मनात म्हणाली, पण मला भीती वाटतेय रे.

प्रार्थनाघरात सगळे गात होते, तिचा मात्र आवाज फुटेना. डोळे मिटले की एउलोहियो दिसायचा. घोट्यापर्यंत वाफेत, पाठमोरा, संथपणे बटाटे तुडवत होता. हाक मारावी तर ओठ हलत नव्हते.

दुपारी ती परतली, तेव्हा माळावरच्या त्या वाफेत खरंच कुणीतरी तुडवत होतं. घागरा गुडघ्यापर्यंत खोचलेला, गोल टोपी डोळ्यांवर आलेली, पाय लालबुंद. पेत्रोनिला होती ती.

शनिवारची आज्ञा हुस्तिनाला तोंडपाठ होती.

"आत्याबाई, थांबा. आज मी काम करायचं नाही. माझ्या लेकरांनी नाही, चाकरानं नाही, गुरांनी नाही, दारातल्या उपऱ्यानंसुद्धा नाही. तशी आज्ञाच आहे."

म्हातारी थांबली. इतक्या महिन्यांनी तिनं पहिल्यांदा सुनेच्या डोळ्यांत बघितलं.

"त्यात सासू म्हटलंय का?"

हुस्तिना आठवू लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हणून बघितलं. सासू नव्हती.

"मग झालं तर. आणि उपरी म्हणशील तर ती मी नव्हे, घर माझ्या नवऱ्यानं बांधलंय. तुला तुझ्या देवानं बसायला सांगितलंय ना? मग बस की गुमान."

हुस्तिना बांधावर बसली आणि हमसून हमसून रडली. आपल्यावर जीव टाकायला घरात कुणी उरलं नाही असं ती वर्षभर समजत होती, आणि ही म्हातारी तिच्यासाठी बर्फगार बटाट्यांत अनवाणी उभी होती. रडून झाल्यावर ती गाऊ लागली. गाण्याला काही बंदी नव्हती. सकाळी अडलेला आवाज आता मोकळा निघाला आणि म्हातारीचे पाय नकळत त्या तालावर पडू लागले.

"जरा भरभर गा गं," पेत्रोनिला म्हणाली. "इतकं सावकाश गायलीस तर आंबतील की सगळे."