दोघांच्या सुया

"नुसत्या तुला सुई देऊन भागायचं नाही, बायजा. नवऱ्यालाही घेऊन ये," कल्याणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्याला काय झालाय? धडधाकट हाय तो."

"दिसतो धडधाकट. आजार रक्तात आहे."

बायजाला चौथा महिना लागला होता. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती. मोहने गावातल्या घरात सासू आवडाबाई आता उघडपणे मुलासाठी दुसरी बायको शोधत होती. बायजाचं रक्त मात्र या खेपेलाच पहिल्यांदा तपासलं गेलं.

तिचा नवरा कुंडलिक मानपाड्याला टेम्पो चालवायचा. तो आला खरा, पण दारातच उभा राहिला. बाईंनी विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाला, "लग्नाआधी एका बाईकडे गेलेलो. नंतर फोड आलेला. दुखला पन नाय. आपोआप गेला."

"फोड गेला, गरमी, म्हणजे सिफिलिस, रक्तात राहिली. ती तुझ्याकडून हिला झाली, हिच्याकडून बाळांना. सगळ्या सुया घ्या, बाळ वाचेल. तोवर एकमेकांपासून लांब राहायचं."

"एका ताटात जेवलो तर?" बायजाने विचारलं.

"जेवण्याने, कपड्यांनी नाही होत."

बायजा त्याच्याशी बरेच दिवस बोलली नाही. पण प्रत्येक सुईला त्याला सोबत घेऊन गेली आणि सुई टोचेपर्यंत समोर बसून राहिली.

"सारखी दवाखान्यात कशाला जातं गो?" एका सकाळी, कुंडलिक कामावर निघायच्या आधी, मासळी साफ करता करता आवडाबाई म्हणाली. "तुज्या कुशीतच खोट हाय."

बायजाने हातातली कोयती खाली ठेवली. "खोट कुशीत नाय, आत्या. आजार हाय, तो यांच्याकडून आला. आता दोघं सुया घेतो."

आवडाबाईने मुलाकडे पाहिलं. तो नाही म्हणू शकला असता.

"खरा हाय, आये," कुंडलिक म्हणाला.

आवडाबाई मासळी बाजूला सारून त्याला हळूच म्हणाली, "तुज्याआधी माजी तीन गेली. मना पांढऱ्या पायाची बोलले. सुई कोनी दिली नाय."

त्यानंतर दुसऱ्या बायकोचा विषय त्या घरात निघाला नाही. उरलेल्या सुयांना तीच बायजाला लवकर निघायची आठवण करू लागली.

मार्गशीर्षात मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिचंही रक्त तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाल्या आणि घरी न्यायला सांगितलं. शेजारीण बघायला आली. दुपट्यात डोकावून म्हणाली, "पोरगीच काय?"

"जिती हाय," आवडाबाई म्हणाली, आणि नातीला घेऊन उन्हात जाऊन बसली.