शिवरंजनीची ओळ

माकणी गावच्या दूध केंद्रात भिंतीवरचा कॉम्प्युटरचा पडदा सुरू झाला, की सभासदांची नावं वरून खाली उमटायची. त्यात एक ओळ लाल यायची: शिवरंजनी, गाय एक, दूध आलं नाही.

शिवरंजनी उन्हाळ्यात वारली. शिवलिंग तिचा नवरा. केंद्र तोच चालवायचा. ओळ उमटली की तो 'काढा' हे बटण दाबायचा. ओळ जायची. दुसऱ्या सकाळी पडदा लावला की पुन्हा हजर.

"शिवलिंग, तू तिला काढतुयास का हाका मारतुयास?" दूध घालायला आलेली धुरपताबाई एकदा म्हणाली. रांगेत तिच्या मागं असलेला दिग्विजय हसला.

ओळ का येते, हे शिवलिंगला ठाऊक होतं. मोबाइलवर शिकून त्या पडद्याचा प्रोग्रॅम त्यानंच बनवला होता. पडद्यावर काय कुठं दिसावं हे ज्या फाइलीत कॉम्प्युटरच्या खुणांच्या भाषेत लिहिलं होतं, तिथंच त्यानं सभासदही मांडून ठेवले होते. प्रत्येकाची एक चौकट. चौकटीत नाव, जनावर, दूध. बटणानं जायचं ते चालू पडद्यावरचं. पडदा नव्यानं लागला, की फाइलीत मांडलेलं सगळं परत उभं राहायचं. तिची चौकट फाइलीतून पुसायला काहीच वेळ लागला नसता. पण हात धजत नव्हता.

शिवरंजनीची आई, इरम्मा, रोज केंद्राच्या दारात येऊन ती ओळ बघायची आणि परत फिरायची. लेकीची गाय आता तिच्या दावणीला होती. सगळं दूध ती वासराला सोडायची. पिऊन पिऊन वासराला हगवण लागली.

"अव्वा, डॉक्टर म्हनतोय वासरू दगावंल. दूध केंद्रावर घाला की," शिवलिंग सांगायला गेला.

"तिचं दूध ती घालंल, जावईबापू. रोज येतीय तर. तुमीच तिला हाकलून देताव."

 दुपारी केंद्रात एकटा बसून शिवलिंगनं फाइल उघडली, तिची चौकट पुसली, फाइल सेव्ह केली. 

सकाळी नावं उमटली. लाल ओळ आली नाही. इरम्मा दारात वाट बघत राहिली.

"आज आली न्हाय?"

"न्हाय, अव्वा. ती येतच नव्हती. नाव म्या लिवलेलं हुतं, म्हनून दिसायचं. आता पुसलं."

"तुमी पुसलं?"

"व्हय."

 इरम्मा दाराची चौकट धरून खाली बसली आणि रडली. लेकीला माती दिली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती.

संध्याकाळी ती दुधाची किटली भरून आली. शिवलिंगनं फाइलीत नवी चौकट मांडली: इरम्मा, गाय एक.

बाहेर किटल्यांची रांग लागली होती. धुरपताबाईच्या आणि दिग्विजयच्या किटलीमध्ये एका किटलीची जागा मोकळी होती. तिथं शिवरंजनी किटली ठेवायची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी ती जागा सुटली होती.

इरम्मानं ती जागा बघितली. मग रांगेच्या शेवटी जाऊन तिनं आपली किटली टेकवली.